बांधबंदिस्ती

२०१६ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला गोदावरीला मोठा पूर आला आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. सगळं नाशिक पूर बघायला पुलांवर लोटलं होतं. मी त्याच आठवड्यात गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, अक्काच्या शेतात, पडलेल्या भिंतीपाशी घोटाभर चिखलात उभा होतो.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या सासरची खालची जमीन धरणात गेली, वरची दीड एकर राहिली. ती दीड एकर म्हणजे सगळा उतारच. माथ्यावर घर, मधे आंब्याची पाच-सहा झाडं, खाली धरणाच्या हद्दीचे दगड आणि त्यापलीकडे पाणी. आदल्या उन्हाळ्यात भाच्याने जेसीबी लावून हा उतार एकसारखा करून घेतला होता. गवत गेलं, जुने दगड एका कोपऱ्यात ढीग होऊन पडले आणि आपल्या हद्दीच्या शेवटाला साठ फूट लांब, पाच फूट उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली. एकाच पावसाळ्यात ती आडवी झाली.

भाचा म्हणाला, "मामा, सळई घालून बांधली होती. लाटांनी पाडली."

मी त्याला भिंतीच्या टोकाशी नेलं. "ही कुठल्या बाजूला पडलीय बघ. लाटांनी पाडली असती तर तुझ्या अंगावर, घराकडे पडली असती. ही धरणाकडे पडलीय. तिला तुझ्याच शेतातल्या पाण्याने मागून ढकललं."

भिंतीला पाणी निघायला एकही भोक ठेवलेलं नव्हतं. मागे खडीचा थर नव्हता. वरून आलेलं पाणी भराव केलेल्या मातीत शिरलं, माती फुगली, जड झाली आणि भिंतीला घेऊन खाली निघाली. बांधणाऱ्याचा हिशेब समोरच्या पाण्याचा होता. पाठीमागच्या पाण्याचा हिशेब कोणी केलाच नव्हता.

माझी नोकरी मृदसंधारणात गेली. १९७९ ला लागलो, २०१३ ला निवृत्त झालो. खेड्यापाड्यांत आम्हाला 'बंडिंगवाले' म्हणत. पण हे काम मी खात्यात शिकलो नाही. ते मी सिन्नर तालुक्यात, वडिलांच्या बरड रानात शिकलो, आणि तिथे त्याला बांधबंदिस्ती म्हणत.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की मृग लागेपर्यंतचे दिवस बांधबंदिस्तीचे. नांगरट झालेली असे, लग्नसराई उरकत आलेली असे. सकाळी ऊन चढायच्या आत वडील पहार खांद्यावर टाकून निघत. आम्ही भावंडं घमेली घेऊन मागे. वडील आधी नुसते फिरत. माथ्याच्या बांधापासून सुरुवात करून खालच्या ओहळापर्यंत एकेक ताल बघत. उंदरांनी कुठे पोखरलंय, गुरांच्या पायाने कुठे दगड निसटलाय, गेल्या पावसाळ्यात पाणी कुठून उडी मारून गेलंय. त्या फेरीत काम काहीच होत नसे आणि तरी तीच फेरी सगळ्यात महत्त्वाची असे. दुरुस्ती दुसऱ्या दिवसापासून.

ताल म्हणजे उतारावर आडवी रचलेली दगडांची ओळ. चुना नाही, सिमेंट नाही. पाया मुरूम लागेपर्यंत खोदायचा आणि सगळ्यात मोठे दगड पायाला घालायचे. दगडाची लांब बाजू आत, उताराच्या पोटात जाते. बाहेर दिसतं ते फक्त त्याचं तोंड. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. दगड लांबीने बाहेर दाखवतो, म्हणजे ओळ लवकर भरते आणि लवकर पडते. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवायचा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत घ्यायचा, म्हणजे सगळी ताल उताराला टेकून राहते. फटीत चिपा ठोकायच्या. मागे आधी लहान दगड, मग माती. पाणी दगडांच्या फटीतून पाझरून जातं आणि माती मागे अडते. तालीच्या एका टोकाला, जिथे खडक किंवा हराळी असेल तिथे, थोडी उंची कमी ठेवून सांडवा काढायचा. जास्तीचं पाणी तिथून शहाण्यासारखं खाली उतरतं.

दगड बसला की नाही हे आमच्याकडचे वडार आवाजावरून सांगत. रचलेल्या दगडावर सुतकी मारायची. बसलेला दगड भरीव वाजतो. आधार सुटलेला दगड पोकळ वाजतो. तो काढून परत बसवायचा.

आणि एक गोष्ट वडील दरवर्षी सांगत. ताल एका वर्षात उंच करायची नाही. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढी पुरे. पावसाळ्यात तिच्या मागे वीतभर माती साठते. पुढच्या आखाजीला त्या मातीएवढा एक थर वर चढवायचा. अशी ताल मातीबरोबर वाढत जाते, आणि दहा-पंधरा वर्षांत उताराचं सपाट वावर होतं. एकदम उंच केलेल्या तालीमागे पाण्याचा भार येतो, मातीचा नाही. अक्काच्या भिंतीचं नेमकं तेच झालं होतं.

या कामाचा इतिहास सरकारी कागदांत शोधायला गेलं तर १८८३ या वर्षापाशी थांबावं लागतं. त्या वर्षी सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला. विहीर खोदायला, बांध घालायला शेतकऱ्याला तगाई मिळण्याचा रस्ता त्यातून झाला. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यात त्यांनी सरकारला जे उपाय सुचवले, ते वाचताना मी नोकरीतली माझी सगळी वर्षं डोळ्यांपुढून जाताना पाहिली. फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांना हाताशी धरून जागोजाग ताली आणि बंधारे घाला, असं त्यांचं म्हणणं. पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मगच नदीनाल्याला मिळावं अशा बेताने ते घालायचे. नदीनाल्यांतला, तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या, असंही त्यांनी सांगितलं. डोंगरावरच्या पालापाचोळ्याचं सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरतं हेही त्यांनी ओळखलं होतं. धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने २०१७ साली आणली. मधे १३४ वर्षं गेली.

१९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. तिथून आमच्या खात्याच्या कामाची खरी घडण सुरू झाली. एकेका शेतकऱ्याच्या मर्जीवर न सोडता सलग क्षेत्राची योजना करायची, लेव्हलच्या यंत्राने समपातळीच्या रेषा काढायच्या आणि त्या रेषेवर मातीचे बांध घालायचे, ही त्यातली कल्पना. शास्त्र म्हणून ती बरोबर होती. अडचण एकच आली. समपातळीची रेषा सातबारा बघत नाही. ती एकाच्या वावराच्या मधून निघते, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून जाते आणि तिसऱ्याच्या विहिरीपाशी वळते. पिढ्यान् पिढ्या बांध म्हणजे दोन भावांची हद्द. आता वावराच्या मधोमध परका बांध आला. अनेकांनी दोन-चार वर्षांत तो नांगरून टाकला. भारी काळ्या जमिनीत तर बांधामागे पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं आणि उन्हाळ्यात मातीला भेगा पडून बांध तिथेच फुटायचा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी सतरा वर्षांचा होतो. सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात विहिरींचे तळ दिसले. आई, मी आणि अक्का तिघं बंडिंगच्या कामावर जात होतो. अक्काचं तोवर लग्न झालं नव्हतं. खायला मिलो आणि सुकडी. पाच हात लांबीचा खड्डा खोदून माती बांधावर टाकायची आणि संध्याकाळी मोजणीदार टेप लावून खड्डा मोजायचा. त्या कामांनी महाराष्ट्र जगवला, हे मी स्वतःच्या पोटाच्या साक्षीने सांगतो. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. पण तिथेच एक बदल घडला, तो माझ्या लक्षात फार उशिरा आला. वडिलांच्या बांधबंदिस्तीत मोजमाप मातीचं होतं: यंदा तालीमागे किती साठली. दुष्काळी कामात मोजमाप खड्ड्याचं झालं: आज किती खोदलं. भुकेल्या माणसाला मजुरी द्यायची तर दुसरं कशाचं मोजमाप करणार? ते गरजेचंच होतं. पण दुष्काळ सरला आणि मोजमाप तेच राहिलं.

पुढे १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम आला, १९९२ मध्ये जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं. माथा ते पायथा ही शिस्त कागदावर आली, आणि ती सोन्यासारखी शिस्त होती. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध, मग शेतात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. पाणी उतारावर धावतं, त्याचा वेग दुप्पट झाला की माती उकरायची ताकद चौपट होते, माती वाहून न्यायची ताकद ३२ पट आणि ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन ६४ पट. प्रशिक्षणात हे आकडे आमच्याकडून पाठ करून घेत. म्हणून पाण्याला वेग येण्याआधीच, माथ्यावरच धरायचं. मी स्वतः हजारो मीटर चर खोदून घेतले. पण दोन पावसाळ्यांनी परत त्या गावात गेलो की चर गाळाने भरलेले, बांध एका जागी फुटलेला आणि त्या एका जागेतून सगळं पाणी घुसून ओघळाची घळ झालेली. विचारलं की लोक म्हणत, "साहेब, बंडिंग सरकारचं आहे." आखाजीनंतरची ती नुसती बघण्याची फेरी कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हती. ती मारायला कोणाला सांगावं, हे आम्हालाही सुचलं नाही. ही माझ्या खात्याची चूक म्हणा, माझी म्हणा. मला ती अजून बोचते.

त्या चुकीचं वजन किती, ते गंगापूर धरण सांगतं. १९६५ मध्ये ते पुरं झालं तेव्हा त्याची उपयुक्त साठवण ७,२०० दशलक्ष घनफूट धरली होती. आज नाशिकच्या पाण्याचा हिशेब ५,६३० दशलक्ष घनफुटांवर चालतो. मधले १,५७० दशलक्ष घनफूट गाळाने व्यापले. शेतकऱ्याच्या भाषेत, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर हे दीड कोटी ब्रासपेक्षा जास्त होतं. ही माती त्र्यंबकच्या डोंगरांवरून, नागली-वरईच्या तिरक्या रानांतून, नाल्याकाठच्या नांगरटीतून आली. अक्काच्या दीड एकरासारख्या उतारांवरूनही आली. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली तरी १४० घनफूट जाते, जवळजवळ दीड ब्रास. डोळ्यांना ती दिसतही नाही. सगळ्या रानाची एकसारखी पातळ साल निघते, म्हणून तिला आम्ही सालकाढी धूप म्हणतो. ओघळ दिसायला लागतो तेव्हा चांगली माती निघून गेलेली असते.

काठावर आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तशी ओली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर गाळपेर होते. गरिबाला त्या पिकाचा आधार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती जमीन उभी नांगरली, उतारावरून खाली तास घातले, की मृगाच्या पहिल्या सरीत प्रत्येक तास एक ओहळ होतो. आडवी नांगरट केली तर तोच तास पाणी अडवतो. खर्च तोच, बैल तेच.

गाळ नदीत जिथे थांबेल तिथे नवं काही घडवतोही. खाली निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साठला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यात हजारो पक्षी उतरायला लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. तिथे गेलो की मन हरखतं. पण दुर्बिणीतून बेटावरचे पक्षी बघताना ही कोणाच्या वावराची माती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

भिंत पडल्यानंतर मी भाच्याला धरणाच्या बांधावर घेऊन गेलो. म्हटलं, "पाण्याकाठचा उतार कसा सांभाळायचा ते शिकायला लांब जायला नको. हे धरणच बघ." गंगापूरचं धरण मातीचं आहे. सुमारे ३६ मीटर उंचीचा, जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा मातीचा डोंगर साठ वर्षं पाण्यात पाय घालून उभा आहे. कारण त्याची प्रत्येक बाजू तिच्या त्रासाप्रमाणे सांभाळली आहे. पाण्याकडच्या अंगाला दगडी अश्मपटल, म्हणजे लाट दगडावर फुटते आणि मातीपर्यंत पोचत नाही. मागच्या अंगाला गवत, म्हणजे पावसाचा थेंब पात्यावर पडतो. मातीच्या धरणाच्या पोटात पाणी थोपवणारा चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या बाहेर मुरमाचं कवच असतं. झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाळू-खडीची गाळणी दिलेली असते. पाणी झिरपणारच, हे ज्याने आधी धरलं त्याचंच काम टिकलं. भाच्याच्या भिंतीला ही वाट कोणी ठेवली नव्हती.

पुढच्या आखाजीला आम्ही कामाला लागलो. शेजारच्या गावातले एक वडारबाबा आले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आधी कोपऱ्यातला दगडांचा ढीग उलटून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे तालीचेच दगड. पायाचे वेगळे, तोंडाचे वेगळे ओळखू येतात." म्हणजे त्या उतारावर पूर्वी ताली होत्या. अक्काच्या सासऱ्यांनी, त्यांच्या वडिलांनी घातलेल्या. जेसीबीने एका दुपारी उचलून बाजूला टाकल्या. अक्का ओट्यावर बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामंजी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, धरणात गेलेली जमीन बघत बसतात."

गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरून आम्ही समपातळी काढली. चाळीस मीटर लांबीत सहा मीटर ढाळ. दर दीड मीटर उतरणीला एक रेषा, अशा चार. सगळ्यात वर, घराच्या आणि छपराच्या पाण्यासाठी ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला. त्याखाली तीन ताली, गुडघ्याएवढ्याच. बाबा दगड फिरवून बघत, तोंड ठरवत आणि मगच भाच्याला उचलायला सांगत. दुपारपर्यंत भाच्याचं बोट दोनदा चेंगरलं, पण सुतकी मारून भरीव-पोकळ ओळखायला तो शिकला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः बसवलेला एक दगड स्वतःच काढून परत बसवला. बाबांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली.

पाऊस पडल्यावर प्रत्येक तालीच्या वर वाळा लावला. वाळा आपल्याला माहीत असतो तो उन्हाळ्यातल्या माठात टाकायच्या मुळांमुळे. तीच मुळं जमिनीत सरळ खाली, दोन-तीन मीटर जातात. म्हणून त्याच्या ठोंबांची दाट ओळ जिवंत तालीसारखं काम करते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी बांधावर पिढ्यान् पिढ्या हेच गवत लावत आले. १९८७ मध्ये जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्यावर छोटं पुस्तक काढलं आणि मग ते जगभर गेलं. आम्ही एकेका वितीला दोन-तीन फुटवे लावले. दोन तालींच्या मधे मारवेल गवत. सगळ्यात खाली, जिथे भिंत होती, तिथे फुटलेलं काँक्रीट काढून करंज आणि निर्गुडी. पाण्याच्या हद्दीत आम्ही काही केलं नाही. तिथे करायची गरजच उरली नाही.

पहिल्या पावसाळ्यात मधली ताल एका जागी निसटली. भाचा घाबरून फोन करून म्हणाला, "मामा, ही पण गेली." मी म्हणालो, "गेली नाही, सांगतेय. तिथे सांडवा पाहिजे." तिथे सांडवा काढला.

आता दरवर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माथ्यापासून खालपर्यंत फेरी मारतो. त्या दिवशी हातात पहार घ्यायची नाही, नुसतं बघायचं. यंदा गुडघे दुखतात म्हणून मी वरच्या चरापाशीच बसलो. भाचा आणि त्याची मुलगी खाली गेले. ती आठ वर्षांची आहे. तिने मधल्या तालीमागे काठी खुपसून बघितली आणि वर ओरडून सांगितलं, "आजोबा, एक वीत आणि चार बोटं!"

म्हणजे यंदा एक थर चढवायचा.